आधी त्या बायकांना विचारून या

वाचकाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३९, मराठीत पीएच.डी. माण तालुक्यातल्या चार गावांत फिरून त्यांनी जात्यावरच्या चारशेहून जास्त ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांवर मराठीतच प्रबंध लिहिला. गेली ११ वर्षं त्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. मानधन दोन-तीन महिने रखडतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळतच नाही. पतीचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, मुलगी दहावीत. "ओव्या गोळा करून काय मिळालं?" हे घरीदारी ऐकून झालं आहे.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. कराडच्या एका स्पर्धा परीक्षा अकॅडमीने मराठी व्याकरण शिकवायला पूर्णवेळ नोकरी देऊ केली. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. त्याच आठवड्यात युरोपातल्या एका विद्यापीठातून एका संशोधक बाईंची मेल आली : शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) तुमचा प्रबंध वाचला, आमच्या प्रकल्पासाठी सगळी ध्वनिमुद्रणं पाठवाल का, तुमचे आभार नक्की मानू. ही बातमी पसरताच इतकी वर्षं प्रबंधाचा विषयही न विचारणारे सहकारी अभिनंदन करू लागले. "आता इंग्रजीत लिहा, मराठीत लिहिलेलं कोण वाचतं!" हा सल्लाही मिळाला. पती म्हणाले, "पैसे किती देणार ते विचार."

ताई विचारतात : ध्वनिमुद्रणं द्यावीत का? यापुढे इंग्रजीतच लिहावं का? की हे सगळं बांधून ठेवून अकॅडमीत जावं? "माझ्या कामाचा समाजाला काय उपयोग, हे मला आजही धड सांगता येत नाही," असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे.

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या चार पानी पत्रातल्या सहा-सात ओळी मी परत परत वाचल्या. एका आजींना ओवी आठवेना. मुलगा म्हणाला, "विसरली ती आता, तुम्ही उगाच बसलाय." तुम्ही माळ्यावरचं जातं खाली उतरवायला लावलंत. त्यावरची जळमटं पुसलीत, सैल झालेला खुंटा चिंधी गुंडाळून ठोकून बसवलात, मूठभर ज्वारी घातलीत. आजींचा हात खुंट्याला लागला, जातं दोन फेरे फिरलं आणि पहिली ओवी आली. मग दुपारपर्यंत २६. दळण थांबलं की ओवीही अडायची, पुन्हा मूठ टाकली की पुढे सरकायची.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सगळेच म्हणतो. तुम्ही ते खरं होताना पाहिलंत, आणि ओवीतला कुठला शब्द जात्याच्या कुठल्या ओढीवर पडतो तेही वहीत टिपून ठेवलंत. त्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता ही गोष्ट सांगणारं त्या घरात कोणी उरलं नाही. ती तुमच्या वहीत आहे.

आता तुमचे प्रश्न. "मराठीत लिहिलेलं कोण वाचतं" यापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर तुमच्या इनबॉक्समध्येच आहे. त्या परदेशी बाईंनी प्रबंध वाचला तो मराठीतलाच. त्या मराठी शिकल्या, माणदेशी बोलीतल्या ओव्या वाचण्याइतकी शिकल्या, तेव्हा त्यांना तुमचं काम सापडलं. ग्रंथालयात धूळ खात पडलाय असं तुम्ही ज्या प्रबंधाबद्दल लिहिता, तो शोधगंगेवरून समुद्रापार पोहोचलासुद्धा, आणि तुम्हाला पत्ताही नव्हता.

असं शिकून येणारे पूर्वीही आले. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर राहून बिरोबा-खंडोबाच्या ओव्या ऐकत. आरेवाडीच्या बिरोबाला आपल्याकडून दरवर्षी माणसं जातात. त्या देवाच्या भक्तांवर ग्रंथ लिहिता येतो हे आपल्यातल्या पुष्कळांना सोंथायमरांमुळे कळलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने हाल या सातवाहन राजाची गाथासप्तशती संपादून १८८१ मध्ये लाइपझिगला छापली. गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा, त्यांत शेत राखणाऱ्या बायका आहेत, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या आहेत, नणंदा-भावजया आहेत. तुमच्या ओव्यांच्या थोरल्या बहिणीच त्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी मांडलेल्या पुराव्यांत ही गाथा पुढे होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या बायकांचं बोलणं कुणीतरी उतरवून ठेवलं म्हणून आज आपल्या हाती पुरावा आहे.

इंग्रजीचं मला वावडं नाही. प्रबंधाचं शीर्षक, दोन पानांचा सारांश आणि चारही गावांची नावं इंग्रजीत तयार ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. पुढे एखादा लेख कुणाच्या मदतीने इंग्रजीत करा. पण विचार मराठीत करता आणि लिहायचं इंग्रजीत, असं झालं तर ओढीवर पडणारा तो शब्द पहिला निसटेल. आधी मराठीत पुरतं लिहा.

उपयोगाच्या प्रश्नावर मात्र जरा जास्त बोलायचं आहे, कारण तो तुम्हाला आतून पोखरतोय असं दिसतं. मी सांगलीची, म्हणून हळदीचं सांगते.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे खोल खड्डे, आहेत. इथल्या कुठल्याही घरात पोराचं बोट कापलं की आजी डब्यातली चिमूटभर हळद दाबते. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं. अडचण अशी की अमेरिकेच्या कायद्यापुढे "आमच्याकडे पूर्वापार लावतात" एवढं चालत नव्हतं. दुसऱ्या देशातली रीत तिथे धरली जायची ती कुठेतरी छापलेली, लिहिलेली असेल तर. आजीच्या बोटांची हळद पुराव्यात येत नव्हती. मग ग्रंथ धुंडाळले गेले. संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर, काही शंभर वर्षांहून जुने, शिवाय इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख, असे ३२ संदर्भ सादर झाले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

या लढाईचं श्रेय आपण शास्त्रज्ञांना देतो, ते योग्यच आहे. पण ते ३२ संदर्भ कुठून आले? ज्यांनी जुन्या पोथ्या जपल्या, उतरवल्या, संपादून छापल्या, त्यांच्या कामातून आले. त्यांनाही कुणीतरी म्हटलं असेल, या पोथ्या घेऊन काय करायचंय. पोथीतली हळद एक दिवस अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात उभी राहील हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

मोडीचंही तसंच झालं. मोडीचे वर्ग चालवणाऱ्यांना वर्षानुवर्षं ऐकावं लागलं की ही लिपी आता कुणाला हवी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. हजारो कुटुंबांचे दाखले त्या थोड्या माणसांच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, कागद वाचणारा माणूस लागलाच.

तुमच्या ओव्यांचा असा उपयोग होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्यांत काय आहे ते तुम्हीच लिहिलंय : दुष्काळात कुठलं धान्य दळलं, खडी फोडायला कुठल्या कामावर गेल्या, मुंबईला गेलेल्या भावाचं पत्र किती दिवस आलं नाही. माणमधल्या बाईने दुष्काळ कसा काढला हे महसुली कागदात मिळत नाही. जो कोणी उद्या या भागाचा इतिहास लिहील, पाण्याचं आंदोलन उभं करील, शाळेचा धडा तयार करील, त्याला हे लागेल.

आता मेलकडे वळू. इथे मला तुमचा आणखी एक समज हलवायचा आहे. परदेशातून विचारणा झाली म्हणून काम मोठं ठरलं, असं तुमच्या सहकाऱ्यांना वाटतं, आणि पत्र वाचताना वाटलं, थोडं तुम्हालाही वाटायला लागलंय. काम मोठंच होतं. मेल आली नसती तरी.

पुढचा प्रश्न नाजूक आहे. ही ध्वनिमुद्रणं द्यायचा अधिकार तुमचा आहे का? तो थोडा तुमचा आहे आणि बराचसा त्या बायकांचा. त्यांनी ओव्या म्हटल्या त्या समोर मांडी घालून बसलेल्या एका बाईसाठी, जिने जात्यात मूठ टाकली, जिला माहेर कुठलं ते सांगितलं. सवतीचं नाव घेतलेल्या ओव्या आहेत, सासूने उपाशी ठेवल्याच्या आहेत, गेलेल्या मुलीच्या आहेत. त्यांतल्या कित्येकींची सासरची माणसं आजही त्याच आळीत राहतात. हे सगळं जगाच्या पाठीवर कुणालाही ऐकता येईल, हे त्या बायकांना माहीत होतं का?

म्हणून मेलला उत्तर देण्याआधी गावात जा. ज्या हयात आहेत त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा आणि सरळ भाषेत विचारा : हे परदेशातल्या एका बाईला द्यायचंय, चालेल का? नाव सांगू का? कुठल्या ओव्या नको देऊ? ज्या गेल्या त्यांच्या लेकी-सुनांना विचारा. कुणी नाही म्हणाल्या तर ती ओवी वेगळी काढून ठेवा, तिच्यावर वाद घालू नका. बहुतेकजणी आनंदाने हो म्हणतील असा माझा अंदाज आहे. तरीही विचारलेलं आणि गृहीत धरलेलं यांत फरक आहे.

मी हे शहाणपणाने बोलतेय असं समजू नका, हे मी पोळून शिकले. तरुणपणी मी हरिपूरच्या पेवांवर नोंदी करत होते. पेव उघडल्यावर आत हवा आहे का ते पाहायला कंदील दोरीने सोडतात, तो विझला तर कुणी उतरत नाही, अशा गोष्टी हमालांनी मला पेवाच्या काठावर बसवून सांगितल्या. ती वही मी एका नावाजलेल्या अभ्यासकांना वाचायला दिली. ते आपल्याकडचेच, मराठीच. वही परत आली नाही. दोन वर्षांनी त्यांच्या लेखात तो कंदील आला, माझं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं ते माझ्या नावासाठीच. हमालांचं नाव तर माझ्या वहीतही नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा परदेशी म्हणून संशय घेऊ नका आणि परदेशी म्हणून भारावूनही जाऊ नका. अटी सगळ्यांना सारख्याच.

त्या बाईंना लिहिताना आनंद झाला हे मोकळेपणाने लिहा, कारण तो झालाच आहे. मग विचारा : प्रकल्प कशावर आहे, पैसा कुणाचा आहे, ध्वनिमुद्रणं कुठे राहतील, कोण ऐकू शकेल, नंतर काढून घ्यायची असली तर काढता येतील का. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत माणसांवर आधारलेल्या संशोधनाला बहुधा संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता आणि सहभागी लोकांची संमती लागते. त्यांच्याकडे त्याचा नमुना असेल, तो मागवा, मराठी करा आणि गावात वाचून दाखवा. "आभार" पुरेसे नाहीत हेही लिहा. ओव्या तुम्ही मिळवल्या, उतरवल्या, अर्थ लावला. त्यावर लेख निघाला तर तुम्ही सहलेखक आहात. हे मागायला लाजू नका. त्या खऱ्या अभ्यासक असतील तर त्यांना यात काही वावगं वाटणार नाही, आणि वाटलं तर तेही वेळेत कळेल. पहिल्या खेपेला नमुन्याच्या दहा-बारा ओव्या द्या, संमती मिळालेल्या. बाकीच्या उत्तर आल्यावर.

पतींचा पैशांचा प्रश्न मला खटकला नाही. ११ वर्षं त्यांनीच घर ओढलं आहे. अशा प्रकल्पांत सहकाऱ्याच्या मानधनाची तरतूद असू शकते, प्रवासखर्चाचीही. नेमकं विचारा. आणि गाणाऱ्या बायकांसाठी काय, हेही त्याच मेलमध्ये विचारा.

सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका, हे कळवळून सांगते. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे माळ्यावर ठेवलेल्या वह्यांचासुद्धा लगदा झाला. मूळ फायलींच्या तीन प्रती करा, एक घरात, एक बहिणीकडे किंवा माहेरी, एक ऑनलाइन. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या ऑडिओवर विसंबू नका, त्यात आवाज दाबला जाऊ शकतो. प्रत्येक फायलीसोबत बाईचं नाव, गाव, तारीख आणि माहेर लिहा. माहेर विसरू नका. ओवी लेकीबरोबर सासरी येते, म्हणून माणमधल्या घरात खटावची, पंढरपूरची, कधी जतची ओवी सापडते. आपल्या भागात ओवीने केलेला हा प्रवास कुणी नकाशावर मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही मांडू शकाल.

हे सगळं एकटीने करायचं नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्यांतल्या पुष्कळ ओव्या 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावा-गावासह ऐकता येतात आणि भाषांतरात वाचता येतात. तो संग्रह मनापासून पाहा. नाव कसं दिलंय, कुणाचा फोटो लावलाय, ते बघा. तुमच्या चारशे कुठे बसतात तेही उमगेल.

आणि अकॅडमी? माझं मत विचारता म्हणून सांगते, घ्या ती नोकरी. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या, पगाराची तारीख ठरवून घ्या आणि आठवड्यातला एक दिवस मोकळा मागा. पूर्ण नाही मिळाला तर अर्धा. कॉलेजच्या तासिकांमध्ये तुमचं संशोधन टिकून आहे असं तुम्हाला वाटतं, पण पत्र वाचून मला तसं दिसलं नाही. ते टिकलं रविवारी, एसटीने, तुमच्या पदरच्या पैशांनी. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचले आणि १८९७ पासून १९२४ मध्ये जाईपर्यंत 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे १२ खंड काढले. उत्तर पेशवाईवर काम करणाऱ्याला आजही ते उघडावे लागतात. व्याकरण शिकवण्यात कमीपणा नाही. उलट पोरांना समास शिकवताना पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर ओवीतलं एखादं द्या, बघा कशी कान टवकारतात.

नोकरी लागली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत जीव मेटाकुटीला येईल, वह्या उघडाव्याशा वाटणार नाहीत. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. फक्त तीन प्रतींचं काम त्याआधी उरका.

गेल ऑम्व्हेट यांचं नाव तुम्हाला नवं नाही. अमेरिकेतल्या मिनीआपोलिसच्या, बर्कली विद्यापीठात ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केलेल्या. चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न करून त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथेच गेल्या. जगभरच्या विद्यापीठांत त्यांची पुस्तकं वाचली जातात. पण इथल्या परित्यक्ता बायकांच्या मोर्च्यात, धरणग्रस्तांच्या बैठकीत त्या बसलेल्या असत, आणि ज्यांच्याबद्दल लिहायच्या ती माणसं त्यांना समोरासमोर जाब विचारू शकत होती. जगात पोहोचलेलं काम मला विश्वासाचं वाटतं ते अशा वेळी. युरोपातल्या त्या बाईंनाही एकदा माणमध्ये बोलवा. जात्यापाशी बसू द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की त्या आजींच्या सुनेने सासूबाईंचा आवाज मागितला होता आणि द्यायचं राहूनच गेलं. दोन वर्षं झाली त्याला. मेलचं उत्तर आठवडाभर थांबेल. येत्या रविवारी तिच्याकडे जा. पेन ड्राइव्ह देऊन येऊ नका, छोटा स्पीकर घेऊन जा, कारण मोबाइलवर जात्याच्या घरघरीत आजींचा बारीक आवाज बुडतो. आणि त्या २६ ओव्यांपैकी दोन ओव्यांमधला शब्द तुम्हाला लागला नाही असं तुम्ही लिहिलंय ना, तो तिला विचारा. तिने तो एके काळी रोज पहाटे ऐकला असेल.

तुमची,
सदर लेखिका